फिंगरस्टाइल शिकायचंय? आधी ऐकणारं माणूस शोधा

सांगलीत गिटार घेतलेली पोरं काय कमी नाहीत, पण त्यातली बरीचशी चार कॉर्ड आणि एक स्ट्रमिंग पॅटर्न इथंच मुक्काम ठोकतात, कारण तेवढ्यावर गॅदरिंगचं काम भागतं. मग कधीतरी मोबाइलवर कुणीतरी एकटाच बसून एकाच गिटारवर चाल, खालचा बेस आणि मधला ठेका असं सगळं एकदम वाजवताना दिसतो आणि वाटतं, अरे हे यायला पाहिजे राव. हाच तो फिंगरस्टाइल. पिक बाजूला ठेवायचं, उजव्या हाताची बोटं वापरायची आणि गाणारा कुणी नसताना समोरच्याला गाणं ओळखू आलं पाहिजे असं वाजवायचं.

व्हिडिओ ढिगानं पडलेत, घरी एकट्यानं शिकता येतं. तरी एकट्यानं सुरू करणारे बरेच जण मधेच सोडतात, आणि त्यांना विचारलं तर सांगतात बोटं दुखायची, वेळ मिळत नव्हता वगैरे. माझं म्हणणं असं की महिनाभर वाजवून आपण पुढं सरकलो का तिथंच आहोत हेच त्यांना कळत नाही, कारण स्वतःचं वाजवणं रोज ऐकून कान बधिर झालेले असतात. आम्ही विश्रामबागेत एका गच्चीवर रविवारी संध्याकाळी बसतो, कुणीच प्रोफेशनल नाही, बँकेतले एक काका आहेत, डिप्लोमा करणारी एक पोरगी आहे, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर काम करणारा एक जण आहे ज्याच्या नखांच्या कडा सीझनमध्ये कायम पिवळ्या असतात. तिथं जे कामाला येतंय तेच खाली लिहितोय, क्रमानं.

गिटार

यावर जास्त डोकं घालू नका. जी आहे ती चालते. फक्त एक तपासा, बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तार आणि फ्रेट यांच्यात अंतर किती आहे. स्टील तारांच्या गिटारला जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तारेखाली दोनच्या आसपास असेल तर बरं. चार मिलिमीटर असेल तर तुमची बोटं वाईट नाहीत, गिटारची ॲक्शन उंच आहे, ती खाली करून घ्या. मिरज हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथं वाद्यं करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या बसलेली आहेत, मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन पण मिळालं. पण सरळ जाऊन गिटार हातात देऊ नका, आधी विचारा गिटारचं काम घेता का, कारण तानपुऱ्यात जी झणझण मुद्दाम जवारी लावून आणतात तीच झणझण गिटारच्या फ्रेटवर आली की आपण तिला बिघाड म्हणतो. दोन्हीकडं कान वेगळा लागतो.

तारा बारीक घ्या, ११ चा सेट (म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०११ इंचाची) पुरे, फारच दुखत असेल तर १० चा. नवीन गिटार घेणारच असाल तर नट, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी, जरा रुंद बघा, नेहमीच्या गिटारला ४३ मिलिमीटर असतो, ४४-४५ मिळाला तर बोटं एकमेकांच्या तारांना चिकटत नाहीत. नायलॉन तारांची क्लासिकल गिटार आणखी रुंद, ५२ च्या आसपास, तिच्यावर पण हे सगळं वाजतं.

आणि आपल्याकडचा उन्हाळा. गाडीच्या डिकीत उन्हात गिटार ठेवून लग्नाला जाऊ नका, आत गोंद मऊ होतो आणि ब्रिज, म्हणजे पोटावर तारा जिथं अडकवतात ती पट्टी, उचलला जातो. नदीकाठच्या भागात राहत असाल तर गिटार भिंतीवर उंच टांगा, २०१९ ला ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना हे सांगायला लागत नाही.

उजवा हात

अंगठा खालच्या आवाजाच्या तीन जाड तारांचा मालक, म्हणजे सहावी, पाचवी, चौथी. तर्जनी तिसऱ्या तारेवर, मधलं बोट दुसऱ्या, अनामिका पहिल्या. करंगळी उजव्या हातात काही करत नाही, तिला मोकळी सोडा. टॅबमध्ये, म्हणजे सहा तारांच्या सहा ओळी काढून लिहिलेल्या गाण्यात, कधीकधी पी, आय, एम, ए अशी अक्षरं दिसतील, ती ह्याच चार बोटांची, स्पॅनिश नावांवरून आलेली. पुढं गेल्यावर बोटं एकमेकांच्या तारांवर जातात, पण सुरुवातीला जो तो आपापल्या घरी.

टॅब वाचताना एक गोष्ट सगळ्यांना गंडवते. सहा ओळींतली सगळ्यात वरची ओळ म्हणजे सगळ्यात बारीक तार. गिटार मांडीवर घेतल्यावर बारीक तार खाली असते, कागदावर वर. ओळीवरचा आकडा म्हणजे फ्रेट, शून्य म्हणजे मोकळी तार.

नखांवरून भांडणं होतात. उजव्या हाताला थोडं नख ठेवलं तर आवाज खणखणीत येतो, नाही ठेवलं तर मऊ येतो, दोन्ही चालतं. डाव्या हाताची मात्र कापाच. डाव्या बोटांना सुरुवातीला दुखणार, तीन-चार आठवड्यांत घट्टे पडतात, तोवर एकदम दोन तास बसण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं करा.

अंगठा, फक्त अंगठा

सी कॉर्ड धरा. अंगठ्यानं पाचवी तार, चौथी, पाचवी, चौथी. एवढंच. मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक ठोके देणारं यंत्र किंवा ॲप, ६० ला (मिनिटाला ६० ठोके) लावा, प्रत्येक ठोक्याला एक तार. हे इतकं सोपं वाटतं की लोक दोन मिनिटांत पुढं पळतात आणि नंतर तीन महिने त्याचे परिणाम भोगतात. ए मायनरला पण पाचवी-चौथी, जी आणि ई मायनरला सहावी-चौथी. एफची पूर्ण बार कॉर्ड जमत नसेल तर सध्या एफ मेजर सेव्हन धरा, चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट, तिसरीवर दुसरा, दुसरीवर पहिला, पहिली मोकळी, आणि अंगठा चौथी-तिसरी असा चालवा, तर्जनीच्या घरात तेवढ्यापुरता शिरू दे.

अंगठा असा आलटून-पालटून चालवत वरती बोटांनी चाल काढायची जी पद्धत आहे तिला ट्रॅव्हिस पिकिंग म्हणतात, अमेरिकेतल्या केंटकीचा मर्ल ट्रॅव्हिस म्हणून गिटारवाला होता त्याच्या नावावरून. त्याचं बरंचसं काम अंगठा आणि तर्जनी या दोघांवरच चालायचं, हे कळल्यावर बऱ्याच जणांना हायसं वाटतं.

अंगठा कधी पक्का झाला म्हणायचं? अंगठा चालू ठेवून शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. आमच्याकडं याची परीक्षाच असते, नवीन माणूस सी ते ए मायनर अंगठा चालवतोय आणि आम्ही त्याला विचारतोय, आज डब्याला काय होतं, एसटी किती वाजता मिळाली, घरी कोण कोण आहे. "वांग्याची..." म्हणताना अंगठा अडला की परत पहिल्यापासून. हसून हसून पुरेवाट होते पण याच्यासारखा सराव नाही, आणि हा एकट्यानं करता येत नाही.

चाल सरगममध्ये शोधा

आपल्याकडं बऱ्याच घरांत पेटी असते, नाहीतर शाळेत सरगम तरी झालेली असते, त्याचा फायदा घ्या. सी कॉर्डच्या जागेत सगळा संसार मांडलेला आहे. सा म्हणजे दुसऱ्या तारेचा पहिला फ्रेट, जिथं सी कॉर्डमध्ये तुमची तर्जनी आधीच बसलेली असते. रे दुसऱ्या तारेचा तिसरा फ्रेट, तिथं डाव्या हाताची करंगळी. ग म्हणजे पहिली तार मोकळी. म पहिल्या तारेचा पहिला फ्रेट, त्यासाठी तर्जनी थोडी आडवी पाडायची. प पहिल्या तारेचा तिसरा, परत करंगळी. सा च्या खाली जायचं तर नी म्हणजे दुसरी तार मोकळी, ध म्हणजे तिसऱ्या तारेचा दुसरा फ्रेट आणि खालचा प तिसरी तार मोकळी. ध जिथं लांबतोय तिथं सी सोडून ए मायनर धरून बघा, ध आपोआप बोटाखाली येतो आणि बहुतेक वेळा कानाला पण बरा लागतो.

एवढ्यात खालच्या प पासून वरच्या प पर्यंत आठ सूर झाले. घरात रोज म्हटल्या जाणाऱ्या आरतीची चाल यात बसते का बघा, बऱ्याच बसतात.

पट्टीची काळजी कॅपो करतो, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा. कॅपो न लावता सी म्हणजे पेटीची पांढरी एक. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून तीच सी कॉर्ड वाजवली की काळी एक, दुसऱ्यावर पांढरी दोन, तिसऱ्यावर काळी दोन, चौथ्यावर पांढरी तीन. म्हणजे घरातलं कुणी सोबत गाणार असेल तर बोटं तीच ठेवून कॅपो सरकवायचा. कॅपो लावला की तारा जवळ येतात आणि मऊ पण लागतात, त्यामुळं नवख्यांनी सुरुवातीला कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावूनच शिकलं तरी काही बिघडत नाही, त्याला कुणी चीटिंग म्हणालं तर म्हणू द्या.

गाणं कुठलं घ्यायचं

जे तुम्हाला चहा करताना गुणगुणता येतं ते. मोबाइलवर बघून आवडलेलं, मधे गिटारच्या पोटावर थापा मारायच्या, तारा वर-खाली ट्यून करायच्या, ते आत्ता नको. चाल ओळखीची असली की चुकलेला सूर तुमचा तुम्हालाच टोचतो, टॅब बघायला लागत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही टोचतो म्हणजे तो तुम्हाला सांगू शकतो. आरती याच्यासाठी बेस्ट कारण ती सगळ्या गल्लीला पाठ असते. जुनं संथ भावगीत पण चालतं, पण त्यात मींड आणि मुरक्या असतील तर त्या गाळून सरळ सूर तेवढे घ्या. गाणाऱ्याच्या गळ्यातलं सगळं गिटारवर यायला पाहिजे असा हट्ट धरलात तर वर्ष गेलं.

ठेका ओळखून घ्या. केरव्याचं गाणं असेल तर अंगठा वर सांगितल्यासारखा चार ठोक्यांत बसतो. दादरा असेल तर सहा मात्रांत अंगठा पहिल्या आणि चौथ्या मात्रेला टाका, मधे बोटं.

दोन्ही एकत्र

इथंच सगळे अडतात आणि इथंच खरं काम आहे, म्हणून जरा सावकाश.

चालीचा कुठलाही सूर घ्या, सुरुवातीच्या गाण्यात त्याच्या दोनच शक्यता. एकतर तो अंगठ्याबरोबर एकदम पडतो, म्हणजे अंगठा आणि बोट मिळून चिमटा काढल्यासारखं दोन तारा एकत्र वाजतात. नाहीतर तो अंगठ्याच्या दोन ठोक्यांच्या मधे पडतो. "एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि" असं तोंडानं म्हणा, आकड्यावर अंगठा, आता चालीचा सूर आकड्यावर येतोय का "आणि" वर येतोय एवढंच ठरवायचं. वहीत गाण्याची ओळ लिहा, खाली आकडे लिहा, जो शब्द आकड्यावर येतो त्याच्याभोवती गोल करा, मधे येतो त्याला तसाच सोडा. एका ओळीला दहा मिनिटं लागतात. पण ही वही झाली की निम्मं गाणं बसलं, कारण आता चूक कुठं होते ते बोट ठेवून दाखवता येतं.

मग वाजवताना एक ओळ पण नको, चार ठोके घ्या. ते चार ठोके सलग न अडखळता दोन-तीनदा गेले की पुढचे चार, आणि त्यानंतर सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्या चारातला शेवटचा ठोका ते दुसऱ्या चारातला पहिला ठोका एवढाच जोड वेगळा काढून घासा. लोक तुकडे करतात आणि जोड विसरतात, मग वाजवताना प्रत्येक जोडावर गाडी स्पीडब्रेकरवरून गेल्यासारखी उडते.

वेग. ६० ला नाही जमत तर ५० ला, ५० ला नाही तर मेट्रोनोम बंद करून. व्हिडिओ बघत असाल तर प्लेबॅक स्पीड ०.५ ला टाका, त्यात लाज कसली. वेग वाढवताना चार-पाचनं वाढवा. आणि आवाजाचं बघा, नवख्यांचा अंगठा नेहमी जोरात असतो आणि चाल त्याच्याखाली गाडली जाते. अंगठा हळू, अनामिका आणि मधलं बोट जोरात. हे स्वतःला वाजवताना अजिबात कळत नाही, चार फूट लांब बसलेल्याला लगेच कळतं.

एकमेकांचं ऐकायचं कसं

तर इथं येतो तो ऐकणारा माणूस. दोघं असलात तरी चालतं, पाच-सहापेक्षा जास्त नकोत, नाहीतर प्रत्येकाची पाळी येईपर्यंत भडंग संपतं.

"वा, लई भारी" हे ऐकायला छान वाटतं, पण ऐकून माणूस घरी जाऊन काय करणार? उलट दोन-तीन वेळा सगळ्यांनाच लई भारी म्हटलं की त्याला कळतं की हे लोक ऐकतच नाहीयेत. आणि दुसरं टोक म्हणजे गाणं संपायच्या आत चौदा चुका सांगणारा, त्याच्यामुळं माणूस पुढच्या रविवारी येतच नाही.

मिरज ही ऐकणाऱ्यांची जागा आहे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी दरवर्षी गाणं-बजावणं होतं. असल्या मैफलीत जुने श्रोते दाद कधी देतात ते बघा. सगळं संपल्यावर टाळ्या तर कुणीही वाजवतो, पण नेमका एक सूर लागला किंवा सम बरोबर गाठली की त्याच क्षणी तोंडातून "क्या बात" निघतं. गाणाऱ्याला समजतं की आत्ता जे केलं ते पोचलं. आपण तेच करायचं, आपल्या लेव्हलवर. कुणाचा चिमटा खणखणीत पडला, जोड न अडखळता गेला, तिथंच "हां!" म्हणा. त्याच्यासारखं टॉनिक नाही.

चूक मात्र गाणं संपल्यावर, आणि एकच. कुठं ते नेमकं सांगायचं. आमचे बँकेतले काका एकदा आरतीच्या दुसऱ्या ओळीत सारखे अडत होते आणि स्वतःच म्हणत होते, वय झालं, बोटं वळत नाहीत. ती डिप्लोमावाली पोरगी गिटार बाजूला ठेवून त्यांच्या हाताकडंच बघत बसली होती. म्हणाली, "काका, बोटं वळतायत की. तुम्ही वरच्या प ला करंगळी नेताय ना, तेव्हा अंगठा थांबतोय, तो करंगळीची वाट बघतोय. त्याच्या आधीपर्यंत गाणं मस्त चाललंय." काकांनी मग प वाजवलाच नाही, तिथं करंगळी नुसती तारेवर ठेवायची आणि अंगठा चालू ठेवायचा, असं चारेक वेळा केलं, मग वाजवला. अडलं नाही असं नाही, पण वयाचा विषय मात्र बंद झाला.

पोरीच्या त्या बोलण्यात तीन गोष्टी आहेत बघा, काय चांगलं चाललंय, कुठं अडतंय आणि का अडतंय. तिसरी गोष्ट माहीत नसेल तर पहिल्या दोनच सांगा, अंदाज ठोकू नका.

बाकी आमच्याकडं काही रीती पडल्यात. ऐकताना आपली गिटार खाली ठेवायची, दुसरा वाजवत असताना हळूच स्वतःचं टुणटुण करणं हा सगळ्यात वाईट प्रकार. "सराव झाला नाही हां" असं आधीच सांगून वाजवायला सुरुवात करायची नाही. समोरच्याच्या हातातून गिटार काढून "हे बघ असं" करून दाखवायचं नाही, त्यानं मागितलं तर गोष्ट वेगळी. मधेच चुकलं तर थांबून पहिल्यापासून सुरू करायचं नाही, अंगठा चालू ठेवायचा आणि पुढच्या ओळीला चाल पकडायची, हे तर रोजच्या सरावात पण करा. आणि आठ वर्षांचं कुठलं तरी पोर काय वाजवतंय याचा व्हिडिओ सगळ्यांची पाळी झाल्यावरच दाखवायचा, आधी दाखवलात तर कुणाची गिटार पिशवीतून बाहेर येत नाही.

कुणीच नाही मिळालं तर घरातल्यांना ऐकवा. त्यांना गिटारमधलं काही कळत नसलं तरी चालतं, गाण्याचं नाव न सांगता वाजवा आणि विचारा ओळखलं का. आईनं दुसऱ्या ओळीला ओळखलं तर पहिल्या ओळीत चाल दबतेय एवढं तुम्हाला कळलं.

रेकॉर्डिंग

दर आठवड्याला एकदा, मोबाइल तीन-चार फुटांवर ठेवून, एकाच टेकमध्ये, जसं येईल तसं. फाइलला तारीख द्या आणि डिलीट करू नका. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून पहिल्यांदा प्रत्येकाला ढवळून येतं, त्याला इलाज नाही. कालच्या फाइलशी तुलना करू नका, त्यात काही दिसत नाही, दोन-तीन महिन्यांपूर्वीची काढा. आमचा यार्डातला गडी सीझनमध्ये महिना-दीड महिना गायब असतो, परत आला की म्हणतो सगळं विसरलो. आम्ही त्याला त्याचीच जुनी फाइल लावून देतो, आणि बहुतेक वेळा अंगठा कुठंही गेलेला नसतो, फक्त चालीतले दोन-चार सूर इकडंतिकडं झालेले असतात. ते एका बैठकीत परत येतात.

पहिल्यांदा लोकांसमोर

गल्लीतल्या गणपतीत किंवा कोजागिरीला कुणीतरी म्हणणारच, वाजव की. वाजवा. पण एकच गाणं, आणि रोजच्यापेक्षा मेट्रोनोमवर दहानं कमी वेगात, कारण चार माणसं समोर बसली की वेग आपोआप वाढतो. ट्यूनिंग तिथं गेल्यावर परत करा, घरातून गच्चीवर गेलं तरी तारा उतरतात-चढतात. माईक असेल तर तो गिटारच्या भोकासमोर सरळ धरू नका, नुसता घुमतो, जिथं मान आणि गिटारचं पोट जुळतं त्या बाराव्या-चौदाव्या फ्रेटच्या आसपास वीतभर अंतरावर ठेवायला सांगा. मंडळाचा साउंडवाला ऐकणार नाही, दोनदा सांगा. आणि आपल्या रविवारच्या टोळीतल्या एकाला पहिल्या रांगेत बसवा, त्याला चाल दबली तर हातानं खूण करायचं काम द्या.

दुसरं गाणं घेताना मग सी सोडून जी मध्ये घ्या, तिथं सा तिसऱ्या तारेवर मोकळा मिळतो आणि बेसला सहावी तार येते. वही नवीन करा.